घासून न निघणारं पांढरं

प्रिय आईस धम्मानंदचा जयभीम.

मी खुशाल आहे. तुझ्यासंग फोनवर हे बोलायला जमलं न्हाई, म्हणून गावाकडं निघालेल्या कळमनुरीच्या दोस्ताच्या हाती ही चिठ्ठी देऊन राहिलो.

तुझ्या तोंडाची आग कशी आहे? भाकर दुधात चुरून तरी जाती का?

इथं चीनमधी वैद्य जिभेवरचा थर पाहून औषध देतात. करुणाताईनं पाठवलेल्या फोटोत तुझ्या जिभेच्या कडेला पांढरं दिसलं. ते थर समजून आमच्या कॉलेजातल्या वैद्यबाईंनी काढा दिला. काल ताई बोलली, परक्या बाईला घाण जीभ काहून दाखवायची, म्हणून तू दर फोटोआधी मिठानं जीभ घासतीस.

मी हसत हसत बाईंना सांगितलं. त्या हसल्या न्हाईत. घासूनबी जे निघत न्हाई, तो थर नसतो, म्हणल्या.

काढा बंद कर. ताईसंग नांदेडला जा, तिथं जिभेचा बारीक तुकडा काढून तपासतील. मिश्री लावू नको. घाबरायचं काम न्हाई.

बाबांना एवढ्यात सांगू नको. मीबी मागोमाग येऊन राहिलो. परीक्षा काय, पुढच्या साली देता येती.

तुझा धम्मानंद