चौथ्या मजल्यावरची करंडी

प्रिय गास्पारे,

आधी एवढंच सांग, जेवलास का रे? पालेर्मो सोडून कुठे गेला नाहीस ना? मंगळवारपासून शोधतेय तुला. गुडघे असे, तरी रोज चार जिने उतरून अख्खा बाल्लारो बाजार पालथा घातला. तुझे बाबा म्हणतात, "ज्याने नशेपायी आईची अंगठी विकली, त्याला कशाला शोधतेस?" अंगठी गेली खड्ड्यात. मला तू हवास.

आधी तोतुच्चोकाकांच्या गाडीवर गेले. हरभऱ्याच्या पिठाच्या वड्या तळत होते. लहानपणी तू तिथनं हलायचा नाहीस. मला बघून त्यांनी नजरच चुकवली. म्हणाले, "रविवारी आला होता. पावात घालून दिल्या, तर उभ्या उभ्या गिळल्या पोराने. चावल्यासुद्धा नाहीत." मग मोतालेबचं दुकान. त्याच्या सुक्या मासळीच्या वासावरून मी त्या बांगलादेशी माणसाला काय काय बोलले होते, तुला ठाऊकच आहे. त्यानेच स्टूल पुढे केलं. "बसा मावशी," म्हणाला. दोन रात्री तुला त्याने तांदळाच्या पोत्यांवर झोपू दिलं होतं म्हणे. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

काल आकोसुआच्या खानावळीत गेले. संध्याकाळ झाली की तिच्या दारात गाणी लागतात, पोरंपोरी बाटल्या घेऊन रस्त्यातच नाचतात. त्या गर्दीत मी तुझा फोटो दाखवत फिरतेय. एक टवाळ म्हणाला, "काय आजी, नाचायला आलात?" आकोसुआने त्याला असा झापला! मग मला बसवून शेंगदाण्याचा रस्सा वाढला. म्हणाली, "इथे बसून तुमच्याच हातच्या जेवणाचं कौतुक करायचा. मंगळवारी मी वाढत होते, तर नको म्हणाला. म्हणे, आज आईकडेच जातो, ती उपाशी नाही ठेवायची."

मी वाटी बाजूला सारली. कारण तू आला होतास, गास्पारे. खालच्या बेकरीवाल्याने पाव टाकावा म्हणून मी खिडकीतून दोरीने करंडी खाली सोडली होती, आणि दोरीला दोन झटके बसले. जरा थांबून तिसरा. शाळेतून आलास की खाऊसाठी तू असेच झटके द्यायचास. मी ओळखले रे. बाबा टेबलाशी बसले होते. "कोण आहे?" म्हणाले. "कुणी नाही," म्हटलं मी, आणि रिकामी करंडी वर ओढून खिडकी लावून घेतली. माझ्या पोराला मी कुणी नाही म्हणाले! आज करंडी पुन्हा खाली सोडलीय. तिला कुणी हात लावायचा नाही, असं गल्लीला बजावून ठेवलंय. तोतुच्चोकाकांकडच्या वड्या आणि पाव आहे, त्याखाली हे पत्र आणि दाराची किल्ली. बाबांना सांगून टाकलंय, तो दाराबाहेर तर मीही दाराबाहेर. वर यावंसं वाटत नसेल तर नको येऊस. जेव, आणि तेवढे तीन झटके दे. दोरी आज कठड्याला बांधलेली नाही. माझ्या मनगटाला बांधलीय.

वरच्या टोकाला वाट बघणारी,
तुझीच
आई