नव्याकोऱ्या लॅपटॉपची धाप

प्रिय ताई,

इतक्या वर्षांनी हाताने लिहितेय, तेव्हा जरा अक्षर लावून वाच. दादाने मला नवा लॅपटॉप घेऊन दिला, हे तुला मेलमध्ये मोठ्या कौतुकाने कळवलं होतं. ते कौतुक परत घेते. आता त्या वस्तूला हात लावायचीसुद्धा मला किळस येते.

पुस्तकांची मुद्रितं तपासायला जुना पुरत नव्हता, हे खरं. पण दुकानात दादाने मला तोंड उघडू दिलं नाही. सगळ्यात महागडा निवडला, बहिणीसाठी आपण काय काय करतो ते दुकानदाराला ऐकवलं, आणि घरी आल्यावर अख्खा रविवार दार लावून तो 'सेट' करत बसला. माझ्या हातात आला तेव्हा कीबोर्डवर त्याच्या तेलकट बोटांचे ठसे होते. ते मी पुसले. पण हे नवंकोरं यंत्र पहिल्या दिवसापासून धापा टाकत होतं. एक पान उघडेपर्यंत माझा चहा करून व्हायचा, पंखा सारखा घरघरायचा. दादा म्हणाला, तुलाच वापरता येत नाही. वहिनी फिदीफिदी हसली.

मग मीही हट्टाला पेटले. दुकानाने फुकट म्हणून कोंबलेले खेळ काढले, आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम बंद केले, पदरमोड करून रॅम वाढवली. थोडा सुधारला, पंखा काही थांबेना. त्याच सुमारास दादा जेवताना भावजींच्या गेलेल्या नोकरीवरून टोमणे मारायला लागला. तू मेलमध्ये कळवलेलं ते मी फक्त आईला सांगितलं होतं; तिनेच त्याला सांगितलं असणार, असं धरून मी तिला नाही नाही ते बोलले. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

शेवटी दुरुस्तीला नेला. तिथल्या बाईंनी आत काय काय चालू आहे ते उघडून दाखवलं आणि एका प्रोग्रॅमवर बोट ठेवलं. तो सारखे माझ्या स्क्रीनचे फोटो काढतो आणि ज्याने बसवला त्याच्या फोनवर पाठवतो. लहान मुलांवर लक्ष ठेवायला आईबाप बसवतात म्हणे. मी चाळिशी ओलांडलेली बाई. तुला लिहिलेलं एकूण एक दादाने पाय पसरून वाचलंय, ताई, माझ्या पाळीच्या त्रासासकट. काढून टाकू का, असं बाईंनी विचारलं. मी नको म्हटलं.

कारण शनिवारी तो दौऱ्यावर असताना आईला तुझ्याकडे न्यायचं आपलं ठरलंय, हे त्याला कळलंय. शनिवारचा दौरा त्याने अचानक रद्द केला. घराच्या कागदांवर आईची सही होईपर्यंत तो तिला हलू देणार नाही. काल तिने माझा हात धरून विचारलं, नेशील ना गं मला? फोनवर बोलावं तर वहिनी कान लावून असते, म्हणून हे कुरियरने पाठवतेय. परवा तुला माझी मेल येईल : आई नाही म्हणते, येऊ नकोस, विषय संपला. ती दादासाठी आहे. तू 'बरं' एवढंच उत्तर दे. आणि गुरुवारी सकाळी, तो कामावर गेला की, गाडी घेऊन ये. आईची बॅग भरून ठेवली आहे. माझीही.

तुझीच,
धाकटी