सकाळची चाचणी

३ मार्च
आले एकदाची! डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी लागल्याचं आई अजून शेजारणींना सांगतेय. माझ्या खोलीत तीन यंत्रं. एक डोळ्याच्या आतल्या पडद्याचा रंगीत फोटो काढतं, दुसरं त्याच्या थरांचा छेद दाखवतं, तिसरं पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांचं जाळं. इथली पद्धत अशी की रोज सकाळी यंत्रं नीट चालतात का हे पाहायला आपलेच दोन्ही डोळे लावायचे. दारावरच्या मावशी म्हणाल्या, तुझ्या आधीची बाईही लावायची. ती का गेली, मी विचारलं. म्हणाल्या, दिसेनासं झालं बाईला, चष्म्याची टाळाटाळ केली असेल.

७ मार्च
डॉक्टरसाहेब फक्त रंगीत फोटो बघतात आणि सही ठोकतात! वरून स्वच्छ दिसणाऱ्या पडद्यामागे पाणी साचलेलं असू शकतं. तिन्ही चित्रं शेजारी न ठेवता निदान करणं म्हणजे एकाच साक्षीदाराच्या शब्दावर फाशी देणं. मी तोंडावर सांगितलं. ते हसले. म्हणाले, "भाषण छान होतं बाई. पुढचा पेशंट पाठवा."

१२ मार्च
माझ्याच चाचणीत, तिसऱ्या यंत्रावर, मध्याच्या जरा वर रक्तवाहिन्यांचा जाळीदार पुंजका. दोन्ही डोळ्यांत. छेदात तिथेच उंचवटा. रंगीत फोटो स्वच्छ. साहेबांनी अर्थात तेवढाच पाहिला आणि मला झोप काढायला सांगितलं. झोप!

१३ मार्च
आधीच्या बाईच्या चाचण्या उघडल्या. तिलाही पुंजका. सुरुवातीला टाचणीच्या डोक्याएवढा, शेवटच्या दिवशी मध्य गिळलेला. तिची आणि माझी जाळी एकावर एक ठेवली. फाटा न् फाटा जुळतो. दोन माणसांच्या रक्तवाहिन्या अशा जुळत नाहीत. कधीच नाहीत. साहेबांपुढे हात जोडले, एकदा तरी तिन्ही बघा. त्यांनी रंगीत फोटोवर सही करून परत दिला.

१७
आज डोळे लावलेच नाहीत. तरी यंत्रात आजच्या तारखेची चित्रं आहेत. माझ्या नावावर. पुंजका मोठा—

२०
ओळी वाकतात. ज्या अक्षराकडे बघावं तेच जातं. साहेब म्हणाले, नंबर बदलला असेल. मावशी म्हणाल्या, उद्या नवीन मुलगी येतेय, तुझ्यासारखीच तरतरीत.

२१
आली. बाहेर हसतेय. मावशी तिला पद्धत समजावताहेत— दार उघडायला कडी सापडत नाही— हे पान दाराखालून सरकवते— मुली, कुणी काहीही सांगो, त्या यंत्रांना स्वतःचे डोळे