पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं

सर, तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली, आणि माझा राग अजून उतरलेला नाही. आठवीत तुम्ही फळ्यावर शब्दांचे अर्थ लिहून दिले होते. पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, निगेटिव्ह म्हणजे वाईट. मी उठून विचारलं, टॉर्चच्या सेलच्या एका टोकालाही पॉझिटिव्ह म्हणतात, ते काय चांगलं टोक असते? वर्ग हसला. तुम्ही मला बाकावर उभं केलंत. "एका शब्दाचा एकच अर्थ पाठ कर. जास्त शहाणपण कायले पाहिजे तुले?" तास संपेपर्यंत मी उभी राहिले आणि तो एकच अर्थ पाठ केला.

पुढच्या वर्षी शाळेत सिकलसेलची तपासणी झाली. सालेकशाकडच्या आमच्या गावात हा रक्ताचा आजार कितीतरी घरांत होता, पण त्याचं नाव कुणाला धड ठाऊक नव्हतं. माझी धाकटी बहीण तेव्हा पाचवीत. तिच्या बोटातून रक्त घेतलं, काही दिवसांनी चिठ्ठी आली. आई चुलीपाशी बसली आहे. म्हणते, "तुले येते ना इंग्रजी, वाचून सांग." मी ऐटीत वाचते, पॉझिटिव्ह. चांगलं आहे, आई. आईनं बहिणीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि चिठ्ठी पेटीत जपून ठेवली.

मग तीन पावसाळे ती आमच्यासोबत धानाच्या रोवणीला आली. दिवसभर थंड चिखलात वाकलेली. संध्याकाळी हाडं दुखतात म्हणून रडायची, आणि आई तिला कामचुकार म्हणायची. मीही म्हणायचे. तिसऱ्या वर्षी तिला पाय टेकवेना, तेव्हा गोंदियाला नेलं. डॉक्टरांनी ती चिठ्ठी पाहिली. "इसमें तो साफ लिखा है, बीमारी है. ठंड और मेहनत से बचाना था. तीन साल क्या कर रहे थे?" आई माझ्याकडे पाहत राहिली. बहिणीच्या खुब्याचं हाड तोवर खराब झालं होतं. आज ती एकवीस वर्षांची आहे आणि काठी धरून चालते.

मी तुमच्याशी भांडायला तुमच्या गावी आले होते. काय बोलायचं ते वाटेत घोकत होते. दारात पोचले तर कळलं, आदल्या आठवड्यातच तुमची तेरवी झाली. तुमच्या बायकोनं मला चहा दिला. तो पिऊन मी परत आले.

आता मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर कुणाला त्याचं काही वाटत नाही. गरोदरपणाची तपासणी पॉझिटिव्ह आली तर एखादी हसते, एखादी मटकन खाली बसते. सिकलसेलची आली, तर मी त्या घरच्या माणसाला समोर बसवून पुन्हा पुन्हा समजावते. हे एवढंच तुम्हाला वर्गात सांगता आलं असतं, सर. दोन मिनिटं लागली असती.

हे पत्र वहीतच राहणार आहे. पण एक गोष्ट मी आईलाही सांगितलेली नाही. चिठ्ठ्या वाटल्या त्या दिवशी नर्सबाई दुपारपर्यंत शाळेच्या व्हरांड्यात बसून होत्या. ज्यांना कळत नव्हतं, ते त्यांना विचारून जात होते. मी बहिणीची चिठ्ठी घेऊन त्यांच्यासमोरून गेले आणि विचारलं नाही. मला इंग्रजी येते, हे सगळ्यांना दिसावं असं वाटत होतं.