गार पुडकी

ग्रिम्स्बी,
१२ फेब्रुवारी

प्रिय ट्रेव्हर,

फार उशिरा लिहितोय, रागावू नकोस. तुझ्या शीलाला पोचवून आलो त्याला तीन महिने होत आले. चारदा लिहायला बसलो आणि चारदा कागद फाडला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून गोदीवर गेलेला माणूस मी, मला कुठलं पत्र जमणार! आमची मोरीन म्हणते, "अरे, फोन कर ना त्याला! मरेपर्यंत कागदच फाडत बसणार आहेस का?" पण फोनवर तू हसवतोस आणि माझं सांगायचं राहून जातं.

माझी बोटं आता आखडलीत. बासरी नातीला देऊन टाकली. लोक अजून विचारतात, एकटा माणूस सात वाद्यं शिकला कशी? काय सांगू? केन लग्न करून आपला बँड सोडून गेला, त्याची बास गिटार मी वाजवली. डग भांडून गेला, त्याचा ऑर्गन मी वाजवला. पुढे तीस वर्षं स्टुडिओतल्या काचेच्या खोलीत एकटाच, गेलेल्यांची कामं करत. पेपरवाले त्याला प्रतिभा म्हणायचे. मला मात्र बाहेरून कुणी कडी लावल्यासारखं वाटायचं.

एकाहत्तर सालचं आपलं ते गाजलेलं गाणं आठव. लीड्सच्या स्टुडिओत सकाळपासून ड्रमवर तुझी लय पळत होती. निर्माता वैतागून म्हणाला, "जा बाबा, सगळ्यांना फिश-चिप्स घेऊन ये." तू परत आल्यावर त्याने तुला टेप ऐकवली आणि म्हणाला, "बघ, तुझाच तिसरा प्रयत्न. उगाच रडत होतास!" तू मला मिठी मारलीस. ते ड्रम मी वाजवले होते, ट्रेव्हर. मी खाली मान घालून चिप्स खात राहिलो. पुढे तू जन्मभर बस चालवलीस, पण गाव तुला त्या गाण्याचा ड्रमर म्हणूनच ओळखतं. शीलाच्या अंत्यविधीला चर्चमध्येही तेच लावलंस आणि दारात मला म्हणालास, "हा माझा हात तिला फार आवडायचा रे."

आता कंपनीला मूळ टेप सापडल्यात. प्रत्येक वाद्य वेगळं ऐकवणारी तबकडी काढणार आहेत, त्यावर माझी सही हवी. तू तर साऱ्या पबला सांगत सुटलायस. पण ड्रमच्या टेपवर आधी माझा आवाज आहे: "चला, ट्रेव्हर यायच्या आत उरकू. एक, दोन, तीन, चार." तेवढं कापा म्हटलं, तर कंपनीची बाई म्हणते, "अहो, लोकांना नेमकं तेच हवं असतं!" सही केली तर तुझं सगळं जाईल. नाही केली तर तू कारण विचारशील.

म्हणून हे पत्र. आणि एक विचारायचंय. त्या दिवशी चिप्सचं दुकान स्टुडिओच्या जिन्याखालीच होतं, तरी तू तासाभराने आलास आणि पुडकी गार झालेली होती. तेव्हा वाटलं, रांग असेल. हल्ली ती गार पुडकी हाताला जाणवत राहतात. तू दाराबाहेर ऐकत उभा होतास का रे? शुक्रवारपर्यंत सही थोपवून धरलीय. शिव्या दे हव्या तर, पण लवकर कळव.

तुझाच,
क्लाइव्ह