घरातल्या घरात

२६ ऑक्टोबर १९६७, केळवे

चकलीचा सोऱ्या मोडला! ऐन भाजणी मळून झाल्यावर. शेजारच्या गोजराबाईंचा मागून आणला, तर त्याची चकती जाड. चकल्या पडल्या दोरखंडासारख्या. सासूबाई म्हणाल्या, "मुंबईची माणसं येणार, हसतील." हसू देत.

शाळांना सुट्टी लागली. एकनाथ आणि शैला सकाळपासून अंगणात चिखल कालवतायत — किल्ला करायचाय. एकनाथ नऊ वर्षांचा, त्याला बुरूज हवेत. शैला सहाची, तिला किल्ल्यात झोपाळा हवाय! पानवेलीची माती उचलून आणली म्हणून तात्यांनी — माझ्या सासऱ्यांनी — डोळे वटारले. बोलले काही नाहीत. ते बोलतच नाहीत. पानं खुडायची, करंड्यात रचायची, स्टेशनावर धाडायची. झालं.

आणखी लिहिणार होते. तेल तापलं.

२८ ऑक्टोबर

जमनावन्सं आल्या. ह्यांची बहीण, सफाळ्याला दिलेली. बरोबर चार मुलं, नि चौघांच्याही नाकाला धार. आल्या आल्या किल्ल्यावरून मारामारी. एकाला बुरूज पाडायचाय, दुसरा त्यावर बसतो. शैलानं झोपाळ्यासाठी माझ्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून नेला.

वन्सं पाय पसरून ओट्यावर बसल्या. "माहेरी आले बाई, आता काडी उचलणार नाय."

बरोबरच आहे. मी माझ्या माहेरी जाईन तेव्हा मीही उचलणार नाही. पण जाईन कधी? दर दिवाळीला इथं पाहुणे.

३० ऑक्टोबर

दादा-वहिनी आले. दादा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ कमलाकांत, मुंबईला कचेरीत. दादरला नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. स्टेशनावरून नवशाच्या टांग्यातून उतरले तेव्हा गल्लीतली पोरं मागं धावत होती. पुष्पलतावहिनी वाळल्यात. लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही. आम्हां सगळ्यांना त्याचं वाईट वाटतं — म्हणजे तसं वाटतं असं आम्ही दाखवतो.

मुलांना खाऊ सगळ्यांना सारखा. पण शैलाला एकटीला रेशमी फ्रॉक आणि लाल बूट! वन्संच्या मुलीनं भोकाड पसरलं. दादा शैलाला मांडीवर घेऊन म्हणाले, "आवडले का आमच्या राणीला?"

आमच्या?

वहिनी ओटीवर बसल्याच नाहीत. पिशवी ठेवली आणि चपला घालून तशाच वाडीत गेल्या, सुपारीच्या झाडांतून एकट्याच फिरत राहिल्या. सासूबाई म्हणाल्या, "बघ, मुंबईचं वारं. हातपाय धुवायची पण सवड नाय." मला काम होतं, मीही मनातून बोलून घेतलं.

३१ ऑक्टोबर

करंज्या लाटत होतो. सासूबाई म्हणाल्या, "शैलाला कमलाकांतकडे देऊ या." — सारण जास्त भरू नको म्हणावं, तसं.

मला वाटलं सुट्टीपुरतं. विचारलं, "किती दिवस?"

"दिवस कसले? ठेवायचीच. तिकडंच शाळा, तिकडंच सारं. घरात पोर आली का मागनं पोर होतं. आमच्या आत्तेला नाय झालं?"

"पण आई—"

"परक्याला देतो काय? घरातल्या घरात! तुला एकनाथ हाय. आणखी होतील."

वन्संनी सारण चाखायचं थांबवलं नाही, मान वर केली नाही. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं! मला सोडून.

माझी करंजी तेलात फुटली, सारण जळलं. त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

१ नोव्हेंबर

पहाटेपासून चूल, पाणी, उटणं. मुलांना एकामागून एक पाटावर बसवलं. कारीट कोणी आधी फोडायचं यावरून रडारड. शैलाच्या पाठीला तेल चोळताना माझा हात तिथंच राहिला. ती म्हणाली, "आई, थंडी वाजते ना!"

गोजराबाई फराळाला आल्या. "पोरीनं नशीब काढलं गं!" मी म्हटलं, "चकली घ्या."

काय हे माझं! दिवसभर तोंड उघडायला गेले की कोणीतरी काहीतरी मागतं. पाणी आण. चहा टाक. ह्याचं नाक पूस, त्याचं भाजलेलं बोट बघ. संध्याकाळी पूजा, दारं सताड उघडी, पणत्या. वहिनी थेट उंबऱ्यावर बसल्या. लक्ष्मीच्या वाटेत बसू नये म्हणून सासूबाई ओरडल्या तर थोड्या सरकल्या. आत काही आल्या नाहीत. शैला जाऊन त्यांना टेकली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला नि परत घेतला.

ठेवायचा होता की! आता तुमचीच ना ती. मला त्यांचा असा राग आला की पणतीचं तेल हातावर सांडलं.

२ नोव्हेंबर

आज भाकड दिवस, पाडवा उद्या. मुलांना घरात ठेवलं तर घर पाडतील, म्हणून वाडीत उकडहंडी लावली. वालाच्या शेंगा अजून कोवळ्या, पण हट्ट! मडक्यात कोनफळ, रताळी, शेंगा भरून तोंड पाल्यानं गच्च बंद केलं, उपडं घालून वर पेंढा पेटवला. मुलं भोवती नाचत होती.

हे जाळ सारत होते. तेवढ्यात गाठलं. म्हटलं, "तुम्ही हो म्हणालात?"

"मी काही म्हटलं नाही."

"मग नाही म्हणा."

"दादाला? जन्मात कधी म्हटलं नाही मी."

"मग मला म्हणू द्या."

"तू म्हटलंस तरी मीच म्हटलं असं होतं." असं म्हणून त्यांनी मडक्यावर आणखी पेंढा टाकला. हे वाईट नाहीत. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं!

शैलाला विचारलं, तुला कळतं का काय चाललंय? तिला सगळं कळतं. "मुंबईला नळ फिरवला की पाणी येतं. मोठी काकी वेणी घालणार. आणि आई, दिवाळीला मी पाहुणी येईन!"

सगळ्यांनी पोटभर खाल्लं. मीही खाल्लं. नाही खाल्लं तर विचारतील.

३ नोव्हेंबर

पाडवा. ह्यांना ओवाळलं. तबकाआडून म्हटलं, "ओवाळणीत मला शैला हवी."

"सणाला असं बोलू नये."

४ नोव्हेंबर

भाऊबीज. वाट बघत होते ती जानूभाऊची. माझा सख्खा थोरला भाऊ, बोईसरला अणुवीजघराचं बांधकाम चाललंय तिथं मुकादम आहे. शंभर माणसांवर ओरडतो, तो एका माणसाशी बोलेल असं वाटलं होतं.

आल्यावर आधी दादांशी ओटीवर तासभर गप्पा. मग पाटावर बसला. मी हळूच सगळं सांगितलं. म्हणाला, "चंद्रे, वेडी आहेस. पोरीचं कल्याण होईल. आपल्या आईनं मला मामाकडं नव्हतं ठेवलं? शिकलो म्हणून मुकादम झालो."

"तू रडायचास. मला आठवतं."

त्यावर तिकडच्या कामगारांकडून शिकलेलं हिंदी बोलला — "सब ठीक हो जायेगा." आणि जेवायला काय आहे विचारलं.

आता कोणाला सांगायचं राहिलं? तात्यांना? ते पानं मोजतात. देवीला? शितळादेवीला जायचं तरी सासूबाईंना विचारून जायचं.

परवा सकाळी निघणार. शैलाचे कपडे वन्संनीच बांधले. तेवढी एक काडी उचलली त्यांनी!

५ नोव्हेंबर

आजचं सगळं लिहून ठेवते.

मुलांना समुद्रावर न्यायचं होतं, वहिनी म्हणाल्या मीही येते. ओहोटी होती. मुलं भुईकोटापर्यंत पळाली. आम्ही दोघी सुरूच्या झाडांखाली बसलो. मी त्यांच्याशी बोलणारच नव्हते.

त्याच म्हणाल्या, "चंद्रा, मुलगी देऊ नकोस."

मला वाटलं, परीक्षा बघतायत. म्हटलं, "तुम्हीच मागितलीत ना?"

"मी? मला कोण विचारतं? मी आईंना सांगितलं, मला नको. त्या म्हणाल्या, वांझेनं नको म्हणावं?"

मग एकदम सुरूच झाल्या. थांबत नव्हत्या. दादा कचेरीला जाताना बाहेरून कुलूप लावतात. पहिल्यांदा म्हणायचे, चोर येतात. मग म्हणाले, तू खिडकीत उभी राहतेस. आता काहीच म्हणत नाहीत, नुसतं लावतात. सकाळी लावलं की संध्याकाळी काढतात. शेजारीण एकदा दाराबाहेरून बोलली तर तिच्या नवऱ्याकडं जाऊन भांडण करून आले. इथं शेजारी माहीमला आई वारली, तिच्या दहाव्याला त्या दादांबरोबर आल्या नि दादांबरोबरच परत.

"म्हणून तुम्ही इथं बाहेर बाहेर असता?"

"वारा लागतो गं अंगाला."

मी विचारलं, "आणि शैलाची शाळा?"

"कसली शाळा? ते म्हणाले, पोर सोबतीला असली की तू खिडकीत जाणार नाहीस."

मी म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू माझ्याकडं बघत होतीस कशी! पोरं पळवणाऱ्या बाईकडं बघतात तशी."

खरं आहे. तशीच बघत होते.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. "कुलूप लावतो तर काय झालं? मुंबईत चोर फार."

ह्यांना सांगितलं. "दादा? छे!" मग पाट वळवायचाय म्हणून वाडीत गेले. ते पाणी काल संध्याकाळीच वळवलं होतं.

६ नोव्हेंबर, सकाळ

शैलाला न्हाऊ घातलं. बूट ती स्वतःच घालून बसली, डावा उजव्यात. एकनाथ तिच्याशी बोलत नाही, मागल्या दारी किल्ल्यावर दगड मारतोय. सासूबाई दही आणायला सांगतायत, हातावर घालायला.

मी काय करणार आहे मला ठाऊक नाही. पण मी दही आणणार नाही.

६ नोव्हेंबर, संध्याकाळ

टांगा दारात आला. दादा पुढं बसले, वहिनी मागं. मी शैलाचा हात धरला होता. दादा म्हणाले, "चढव तिला." मी सोडला नाही. "सोड म्हणतो ना!" मी म्हटलं, "नाही." एवढंच. आवाज बारीकच आला, पण आला.

सासूबाई माझ्याकडं धावल्या. तेवढ्यात वहिनी मागच्या बाजूनं उतरल्या. पदर खोचला नि आपल्या ट्रंकेची कडी धरून ओढू लागल्या. दादा म्हणाले, "काय चाललंय हे?"

"मी येत नाही."

ट्रंक जड. मी शैलाला सोडून धावले. दोघींना उचलेना. मग दुसरं टोक कोणीतरी धरलं — हे होते. मान खाली, भावाकडं न बघता.

दादा उतरायला लागले. तात्या ओट्यावरून नवशाला म्हणाले, "हाक रे. गाडी चुकेल."

टांगा दादांना घेऊन गेला. सासूबाई अजून तोंडाला पदर लावून बसल्यात. शैला रडून रडून झोपली. उद्या काय होईल देव जाणे, दादा गप्प बसणारे नाहीत.

चूल पेटवली, तांदूळ घेतले. वहिनींना विचारलं, किती टाकू?

म्हणाल्या, "मला धरून टाक. उद्याही."