सुनेची टाकी

२९ जानेवारी

द्राक्षं तोडली. आजवर मी म्हणेन तेव्हा तोडायचो. या वर्षी रुचा म्हणाली तेव्हा.

निलेश, माझा धाकटा भाऊ, पुण्यात नोकरीला. बायकोला, रुचाला, मात्र इकडे आमच्या वायनरीत पाठवून दिलं. वाटलं होतं, दिवाळीपुरती राहील, मग जाईल. राहिली. माझ्या माहेरच्या खोलीत राहते. माझंच कपाट वापरते.

तिचा बेत: निम्मी द्राक्षं लगेच चिरडायची नाहीत. केळीच्या रिकाम्या शेडमध्ये बांबूच्या तट्ट्यांवर पसरून सुकवायची. पाणी उडतं, गोडी नि रंग आटून राहतो. इटलीत असंच करतात, त्यानं वाइन घट्ट नि काळी होते. आमचे वडील, आबा, ठिबक सिंचनवाल्यांच्या सहलीत एकदा इटलीला जाऊन आले, तेव्हापासून तसली वाइन मनात धरून बसलेत. दर वर्षी माझी वाइन चाखतात आणि म्हणतात, "चांगली शे वंदे. पन तशी नही व्हयनी."

मी इटली पाहिलेली नाही. ती तिथं शिकून आलीय.

म्हटलं, आबा, आपल्याकडे थंडी ती किती. शेड तापेल, ढग आले तर बुरशी. आबा म्हणाले, "करू दे तिले."

एवढंच. मला पहिली टाकी द्यायला यांनी किती वर्षं लावली होती!


६ फेब्रुवारी

शेडमध्ये जाणार नव्हते. गेले.

बुरशी नाही. वास असा, की दारातच थांबले. काळा मनुका, गूळ, मागून काहीतरी लवंगेसारखं. आबा तट्ट्यांमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेले, लग्नघरी बसतात तसे. रुचानं एक सुरकुतलेलं द्राक्ष त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"देख ना वंदे, कशी साखर व्हयनी!"

मी विचारलं, आबा, डायबिटीसची गोळी घेतली का? दोघं एकमेकांकडे बघून हसले.


१५ फेब्रुवारी

सुकलेली द्राक्षं चिरडली. रस कमी, पण डांबरासारखा.

रु. (पूर्ण नाव लिहायचाही कंटाळा आलाय) विचारत होती, "अक्का, कोणती टाकी घेऊ?" म्हटलं, तीन नंबरची घे.

आंबताना रस तापतो, आणि तीन नंबरला थंडावा नीट बसत नाही. हे मला माहीत आहे आणि आमच्या मशिनरीवाल्या गफूरभाईंना. ते माझ्याकडे बघत राहिले.

दोन नंबरची रिकामी होती.


२३ फेब्रुवारी

रु. परवा पुण्याला गेली. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. जाताना म्हणाली, "अक्का, टाकी तुमच्या भरवशावर." सगळ्या मजूर बायकाही मला अक्काच म्हणतात. हिच्या तोंडून ऐकलं की अंगावर काटा येतो.

आज सकाळी तीन नंबर गप्प. कान लावला. काही नाही. रात्री लाइट गेली होती, तापमानाचा काटा चाळिशीला टेकलेला. झाकण काढून चाखली. पाकासारखी गोड, घशात गरम. यीस्ट उष्णतेनं मेलं, साखर तशीच. अशी टाकी एक-दोन दिवस सोडली की व्हिनेगर.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिणार नव्हते. लिहिते. बरं वाटलं.

गफूरभाई म्हणाले, "अक्का, बर्फ मंगाऊ क्या?"

म्हटलं, थांबा.

चहा घेतला. बाहेर वेलींमध्ये जाऊन उभी राहिले. ही रोपं आली तेव्हा पोरं लहान होती, पिंप्राळ्याच्या सासरघरून स्कूटरवर पुढे धाकटीला उभं करून यायची मी. एकेका वेलीला काठी बांधलीय. टाकी तिची असेल. आत जे मरतंय ते माझं आहे.

परत आले. म्हटलं, मागवा. जळगावातून मिळेल तेवढा.


२६ फेब्रुवारी

ओली पोती, त्यावर बर्फ, वरून पुन्हा पोती. बादलीत कोमट पाण्यात नवं यीस्ट जागवलं, त्यात ही वाइन वाटी-वाटी घालत गेले, सवय व्हावी म्हणून. एकदम ओतलं तर तेही मरतं. नवऱ्याचा, किशोरचा, फोन, "बाई, घर आहे का लक्षात?" म्हटलं, कुकर लाव.

आज दुपारी टाकी बोलली. आधी एक बुडबुडा. मग बराच वेळ काही नाही. मग भाताच्या पातेल्यासारखी.

गफूरभाईंनी टाकीला हात लावून तो हात कपाळाला लावला.

रुचाला काही सांगणार नाही. तिच्यासाठी केलेलं नाही.


१ मार्च

गफूरभाईंनी सांगितलंच.

रु. सामान घेऊन तशीच आत आली. आबा होते, छाटणीच्या बायका होत्या. सगळ्यांसमोर म्हणाली, "आबा, ही वाइन अक्कांनी वाचवली. मी असते तर घाबरून सोडून दिली असती."

आबांनी उठून हात ठेवला, तो तिच्या डोक्यावर. "कितल्या मोठ्या मननी शे मनी सून!"

वाचवली मी. मन मोठं तिचं.


९ मार्च

वाइन लाकडी पिंपांत भरली. तीन नंबर रिकामी झाल्या झाल्या थंडाव्याची सगळी नळी बदलून झाली. रु.नं करवून घेतली. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. दिवसभर नेहमीसारखी बोलत होती.

म्हणजे तिला कळलंय. किंवा नाही. सरळ भांडली असती तर मी तरी भांडले असते.


१३ एप्रिल

गेल्या आठवड्यात लेबलचा विषय निघाला. रु. म्हणाली, दोन नावं टाकू, अक्कांचं आणि माझं. आबा हसले. "लेकनं आडनाव सासरनं. घरनी बाटलीवर ते कसं लिखानं?"

चेष्टेत म्हणाले. मला माहीत आहे, चेष्टेतच. पण रुचाचं आडनाव लग्नानं या घराचं झालं, माझं लग्नानंच या घरातून गेलं, आणि या हिशोबात कुणालाच काही चूक दिसत नाही. रु. म्हणाली, "आबा, हे बरोबर नाही." मला तिचाच राग आला. माझ्या बापाशी माझ्या वतीनं ही का भांडते?

किशोरला सांगितलं. तो म्हणाला, "मग जाऊ नकोस उद्यापासून."

दोन दिवस गेले नाही. पिंपांचं लाकूड उन्हाळ्यात वाइन पितं, वरून भरावी लागतात. तिसऱ्या दिवशी गेले. सगळी भरलेली होती. काठोकाठ, मी भरते तशीच.


१० जुलै

मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलला नमुना गेला होता. त्यांना सगळीच्या सगळी हवीय, आणि आत्ता. आबा धरणगावच्या पाहुण्यांना फोन करकरून सांगतायत. आबांचा आवाज इतका वर चढलेला मी निलेशच्या जन्माच्या वेळी ऐकला होता.

मला नमुना कुणी दिलेला नाही. मागितलाही नाही.


१६ जुलै

आज दुपारी रुचा पिंप्राळ्याला आली. घरी पहिल्यांदाच. ओढणी तोंडाला गुंडाळलेली, पिशवीत एक छोटी बाटली.

"आबांना लगेच बाटल्यांत भरायचीय. मला ठरवता येत नाही अक्का. कधी वाटतं झाली, कधी वाटतं अजून पिंपात हवी. फार ठेवली तर या हवेत बसेल, चवच जाईल, हेही आहे. तुम्ही म्हणाल तसं करू."

"तू शिकलीयस की."

"तिथली हवा शिकले. इथली नाही."

ग्लास धुऊन पुसून आणला. ओतली. काळी. काचेवरून खाली उतरायला तयार नाही. जांभूळ, मनुका, विड्यातला काथ, आणि गिळल्यावरही कितीतरी वेळ तोंडात. पहिल्या घोटातच कळलं. ही ती. आबा इतकी वर्षं जिच्यासाठी मला "तशी नही" म्हणत होते, ती.

रुचा माझ्या तोंडाकडे बघत होती.

म्हटलं, "कच्ची आहे. दिवाळीपर्यंत राहू दे."

मला वाटलं वाद घालेल. तिनं माझ्यासमोर हॉटेलला फोन लावला. आत्ता देता येणार नाही, सॉरी. पलीकडचा काहीतरी चिडून बोलला. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "आबांना मी सांगते. तुमचं नाव मध्ये आणत नाही." चहा घेतला, गेली.

किशोरनं उरलेल्यातली घोटभर घेतली. "मला तर झालीय वाटते."

"तुला काय कळतं त्यातलं!"

ओरडलेच. तो पेपर घेऊन गॅलरीत गेला.

तोंड धुऊन पुन्हा चाखली. शेवटी जिभेच्या कडेला थोडी तुरट लागते. लागते ना? आणखी एकदा चाखली. तुरट आहे. दिवाळीपर्यंत तो तुरटपणा मोडेल, वाइन आणखी गोल होईल. किंवा पिंपातच बसेल.

थोडी तुरट आहे. बहुतेक.